सल्ला : क्लबहेड मागे राहू द्यायचं कसं?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वय 44. दीड वर्षापासून गोल्फ शिकते आहे. रविवारी सकाळी खारघरच्या कोर्सवर जाते, बाकी दिवस घरी किंवा सोसायटीच्या गच्चीवर जमेल तेवढा सराव करते. माझा सेव्हन आयर्न जेमतेम 75 यार्ड जातो आणि नाइन आयर्न 70. कोच म्हणतात, "तुम्ही क्लब वरूनच फेकताय, लॅग (खाली येताना क्लबचं डोकं हातांच्या मागे राहणं) अजिबात नाही." म्हणून व्हिडिओ बघून डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली आणताना, मनगटाचा कोन घट्ट धरून ठेवायला लागले. तेव्हापासून निम्मे चेंडू उजवीकडे जातात, मधूनच शँक होतो आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं आहे. क्लब नवऱ्याचे जुने, स्टीलच्या शाफ्टचे (दांड्याचे) आहेत. लॅग "जाणवतो" म्हणजे नेमकं काय जाणवतं? घरी शिकता येईल का? शाफ्ट बदलू, की लवचिक दांड्याचा ट्रेनर विकत घेऊ?

उत्तर : आधी कोपराचं. आतल्या बाजूचं ते दुखणं घट्ट पकडीतून येतं. बोटं आवळणारे आणि मनगट वाकवणारे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाला चिकटलेले असतात. पकड आवळून चेंडूमागे चेंडू मारले, त्यातही कडक मॅटवर मारले, की त्याच जागी ताण साचत जातो. आठ-दहा दिवस चेंडू मारणं पूर्ण थांबवा. तेवढ्यानंही दुखणं उतरलं नाही किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खाली सांगितलेला पहिल्या आठवड्याचा सराव बिनचेंडूचा आणि हलका आहे, पण तो करतानाही कोपर दुखलं तर त्या दिवशी पुढे जाऊ नका.

आता मुद्द्याचं. मनगटाचा कोन धरून ठेवणं आजपासून सोडून द्या. कोचनी ओळखलेला दोष बरोबर आहे, पण व्हिडिओवरून तुम्ही घेतलेला उपाय त्याच्या उलट दिशेचा आहे. चांगल्या खेळाडूच्या फोटोत डावा हात जमिनीला समांतर असताना शाफ्ट आणि हात यांच्यात काटकोन दिसतो, हे खरं. पण तो कोन ताकदीने राखलेला नसतो. पाय आणि कंबर आधी वळलेली असते, हात त्यांच्यामागे येत असतात आणि क्लबहेड सगळ्यांच्या शेवटी येतं, म्हणून तो तसा दिसतो. फोटोतला कोन हा परिणाम आहे आणि तुम्ही परिणामच हाताने घडवायला निघाला आहात.

हे जमत का नाही, ते आकड्यांत बघा. वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. काही जाणवून त्यावर हालचाल बदलायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे "आता धर, आता सोड" असा हुकूम डोक्यातून मनगटापर्यंत पोचेतो चेंडू गेलेला असतो. दुसरं, सेव्हन आयर्नचं डोकं साधारण 270 ग्रॅमचं. ते ताशी 80 किलोमीटरने दीड मीटर त्रिज्येत फिरत असेल, तर ढोबळ हिशोबाने 9 किलोच्या ओढीने बाहेर जायला बघतं. ही ओढच शाफ्ट सरळ करते आणि चेंडूपाशी वेग देते. त्याच वेळी हात थोडे मंदावतात आणि त्यांचा वेग क्लबहेडकडे जातो. तुम्ही मनगट आवळून नेमकी हीच देवघेव अडवता. क्लबहेड वेळेत फिरत नाही, क्लबफेस, म्हणजे डोक्याची चेंडूला लागणारी बाजू, उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो. हात शरीरापासून दूर सरकले तर चेंडू क्लबफेसऐवजी शाफ्ट जिथे डोक्याला जोडलेला असतो तिथे लागतो, तो तुमचा शँक.

तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगाचा आकडा म्हणजे सेव्हन आणि नाइनमधला पाच यार्डांचा फरक. या दोन क्लबांत तुमच्या वेगाला 15 यार्डांच्या आसपास अंतर पडायला हवं. सेव्हन लांब, नाइन आखूड; लांब क्लबचा फायदा चेंडूपाशी असलेल्या वेगातून मिळतो, आणि तुमचा वेग चेंडूच्या आधीच, उजव्या पायाशी, खर्च होतो आहे. शिवाय इम्पॅक्टला, म्हणजे चेंडूला लागताना, हात मागे आणि क्लबहेड पुढे असलं की शाफ्ट मागे कलतो आणि लॉफ्ट (क्लबफेसचा मागे कललेला कोन) वाढतो. जुन्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट 34-35 अंश असतो. त्यात आठ-नऊ अंशांची भर पडली की तो नाइन आयर्नसारखा वागतो. तेव्हा ताकद कमी पडते असं मनात आणू नका. ताकद आहे, ती लवकर सुटते आहे.

ती लवकर का सुटते, हे शोधल्याशिवाय कुठलाही सराव टिकणार नाही. बहुतेकांना कारण मनगटात आहे असं वाटतं. आमच्या मते ते आधी क्लबफेसमध्ये शोधावं. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या, शेवटी डावं मनगट मागे मुडपलेलं असेल, म्हणजे हाताच्या पाठीला आणि मनगटाला मिळून वाटीसारखा खळगा पडत असेल, तर क्लबफेस उघडा असतो. अशा क्लबने लॅग ठेवून चेंडू मारला तर तो उजवीकडेच जाणार. शरीराला हे चार-पाच चेंडूंत कळतं आणि ते वरूनच क्लब फेकून फेस बंद करायला शिकतं. म्हणजे तुमचं फेकणं ही शरीराने केलेली दुरुस्ती आहे. मूळ बिघाड तसाच ठेवून दुरुस्ती काढून घेतली तर चेंडू उजवीकडे जाणारच, आणि सध्या तेच होतं आहे.

म्हणून पहिली तपासणी पकडीची. चेंडूसमोर उभं राहून खाली बघा : डाव्या हाताच्या बोटांची किती मुळं दिसतात? एकच दिसत असेल तर पकड कमजोर आहे. दोन, अगदी अडीच दिसेपर्यंत डावा हात ग्रिपवर (क्लबच्या रबरी मुठीवर) उजवीकडे वळवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी. ग्रिप तळव्यात आडवी नको. डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत, बोटांत हवी. तळव्यात धरलेला क्लब मनगटाला मोकळं वळूच देत नाही. जोर दहापैकी चार, तोही मुख्यतः डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. मग आरशासमोर क्लब वर न्या आणि डाव्या हाताची पाठ मनगटाशी सपाट आहे का ते बघा. ही पकड पंधरा दिवस विचित्र वाटेल, चेंडू डावीकडेही जातील. जाऊ द्या. डावीकडे जाणारा चेंडू तुमच्यासाठी सध्या चांगली बातमी आहे, कारण मग फेकण्याचं कारण उरत नाही.

दुसरं कारण वजन उजव्या पायावर अडकणं आणि तिसरं चेंडू "उचलायची" इच्छा. दोन्हींचा संबंध जवळचा आहे. चेंडू वर उडवायचं काम लॉफ्टचं असतं. त्याला खालून चमचा घालायला गेलं की शरीर मागे रेलतं आणि क्लबहेड हातांच्या पुढे निघून जातं.

आता तुमचा मूळ प्रश्न : काय जाणवतं? दाब जाणवतो. कोन जाणवत नाही, आणि जो जाणवतो असं वाटतं तो बहुधा आवळलेल्या स्नायूंचा ताण असतो. हा दाब उजव्या तर्जनीच्या मुळाशी, जिथे ती शाफ्टच्या मागच्या बाजूला टेकते, तिथे येतो. हात पुढे निघालेले, क्लबहेड अजून मागे, म्हणून शाफ्ट त्या बोटावर रेलतो. डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत त्याच वेळी ओढ लागते. हा दाब सुरुवातीला आला आणि उजव्या मांडीपर्यंत टिकला, की लॅग आहे. मधेच तो नाहीसा झाला, तर क्लबहेड तुम्ही फेकलेलं आहे.

ही खूण आधी उभ्या जागी ओळखून घ्या. दाराच्या चौकटीच्या तळाशी जुनं कापड गुंडाळा. चेंडूसमोर उभं राहिल्यासारखं उभं राहा, क्लबहेडचा पुढचा भाग चौकटीला टेकवा आणि कंबर डावीकडे वळवत ग्रिप हलकेच पुढे ढकला. शाफ्ट वाकेल इतका जोर लावू नका. उजव्या तर्जनीच्या मुळाशी लगेच दाब येईल. पाच सेकंद तसंच राहा, सोडा, परत करा. मग मुद्दाम चुकीचं करून बघा : कंबर न वळवता नुसत्या मनगटांनी क्लबहेड चौकटीवर दाबा. आता दाब उजव्या तळव्यात आणि अंगठ्यात येतो. या दोन दाबांतला फरक ओळखता आला पाहिजे, डोळे मिटूनसुद्धा. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा पुरे. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि तोच लोक गाळतात. मग पुढचे सगळे प्रकार करताना काय शोधायचं तेच त्यांना माहीत नसतं.

हालचालीतली जाणीव टॉवेल शिकवतो. अंघोळीचा मोठा टॉवेल घ्या, एका टोकाला गाठ मारा, थोडा ओला करा आणि दुसरं टोक क्लबसारखं दोन्ही हातांत धरून गच्चीवर स्विंग करा. धुणं दगडावर आपटताना जे होतं तेच इथे व्हायला हवं : ओला कपडा मागे राहतो, हात पुढे येतात, हात किंचित थांबतात आणि कपडा सपकन पुढे येऊन आदळतो. कुणीही कपडा "धरून" ठेवत नाही. टॉवेलचा मोठा गुण असा की तो ढकलता येत नाही, ओढावाच लागतो. वरून घाईने हात मारले की तो लगेच सैल पडतो. पूर्ण बॅकस्विंग करा, गाठ पाठीला हलकी लागेपर्यंत थांबा, डावा पाय जमिनीवर रोवा आणि मग वळा. टॉवेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताणलेला राहिला पाहिजे. वर जाताना "एक-दोन-तीन" आणि चेंडूच्या जागी "चार" अशी मोजणी ठेवा. वर जायला लागणारा वेळ खाली यायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो, ती लय यातून बसते.

त्याच्या जोडीला क्लब उलटा धरून आवाज ऐका. डोक्याजवळचा शाफ्ट हातात, ग्रिप खाली, आणि स्विंग. "सूं" असा आवाज कुठे येतो? उजव्या पायापाशी येत असेल तर फेकलंत. तो चेंडूच्या जागी, शक्यतो तिच्याही पुढे डाव्या पायासमोर यायला हवा. जोर वाढवून तो पुढे जाणार नाही. सुरुवात सावकाश केली तरच जाईल. हा प्रकार घरात करायचा मोह टाळा. फ्लॅटची उंची नऊ-साडेनऊ फूट, त्यात पंखा, आणि मन स्विंगमध्ये. गच्चीवरही आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करूनच.

टॉवेलनंतर चेंडू, पण बॅकस्विंगशिवाय. सतरंजीवर प्लॅस्टिकचा हलका चेंडू ठेवा. क्लबहेड चेंडूला मागून टेकवून ठेवा, वजन साधारण दोन तृतीयांश डाव्या पायावर, हात डाव्या मांडीसमोर. आता क्लब मागे न नेता, फक्त शरीर वळवून, चेंडू पुढे ओढत न्या आणि सोडून द्या. आठ-दहा फूट सरळ गेला पाहिजे. हातांनी झटका दिलात तर चेंडू डावीकडे उडेल नाहीतर जागीच टुणकन वर येईल. इथे फसवायला जागाच नसते : वेग नाही, उंची नाही, फक्त वळणारं शरीर आणि बोटावरचा दाब. म्हणूनच एवढ्या सगळ्या प्रकारांतून एकच निवडायचा झाला तर आम्ही हा निवडू. (हा फक्त सराव. प्रत्यक्ष खेळात चेंडू असा ढकललेला किंवा ओढलेला गोल्फच्या नियम 10.1 ला चालत नाही, तो मारावाच लागतो.)

हे आठवडाभर जमलं आणि कोपर शांत असलं, तर खारघरला जा. सेव्हन आयर्न, चेंडू अर्ध्या इंचाच्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर). हात कमरेच्या उंचीपर्यंत मागे, तेवढेच पुढे. वेग नेहमीच्या निम्मा. चेंडू 30-35 यार्ड गेला तरी भरपूर. इथे बघायचं ते चेंडूच्या उडण्यात : पूर्वीपेक्षा खालून, भेदून गेल्यासारखा जातो का? जात असेल तर हात पुढे आहेत. फुग्यासारखा वर चढत असेल तर अजून चमचा चालू आहे.

हे दहापैकी सात वेळा जमायला लागलं की थांबत-थांबत खाली यायचा प्रकार घ्या. डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत क्लब वर न्या. डाव्या पायावर वजन देत हात उजव्या मांडीसमोर आणा आणि थांबा. क्लबहेड अजून हातांच्या मागे आणि वर आहे ना? तर्जनीवर दाब आहे ना? परत वर. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी न थांबता चेंडूमधून पुढे जा. यात दोन चुका हमखास होतात. एक, लोक हात सरळ खाली ओढतात आणि उजवा खांदा पुढे येतो. क्लब उभा येतो आणि शँक. तुम्हाला शँकचा त्रास आहेच, तेव्हा चेंडूच्या पलीकडे पाच सेंटिमीटरवर टिश्यूचा रिकामा खोका ठेवा. खोका उडाला की हात शरीरापासून लांब गेले असं समजा. उजवं कोपर बरगडीजवळून खाली आलं आणि वजन चवड्यांवर न जाता पावलाच्या मध्यावर राहिलं तर खोका शाबूत राहतो. दुसरी चूक, थांबलेल्या जागी मनगट आवळलं जातं. थांबताना पकड सैल झाली पाहिजे. हवं तर तिथे एकदा बोटं हलवून बघा.

वजन वेळेवर डावीकडे जात नसेल, तर पाऊल टाकून मारा. दोन्ही पाय जुळवून उभ्या राहा, क्लब मागे न्या आणि तो अजून मागे जात असतानाच डावं पाऊल लक्ष्याकडे टाका, मग वळा. वरचा भाग मागे चाललाय आणि खालचा भाग पुढे निघालाय, असा एक क्षण असतो. लॅग तिथेच तयार होतो. नंतर त्याचं काही करावं लागत नाही, करूही नये.

नुसत्या उजव्या हाताने वेजने (जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबने) दहा-पंधरा यार्डांचे छोटे शॉट मारणं हाही उत्तम सराव आहे, कारण एका हाताने कोन धरून ठेवणं जमतच नाही. पण तो कोपर पूर्ण बरं झाल्यावरच.

रेंजवरच्या (सरावाच्या जागेवरच्या) मॅटबद्दल सावध राहा. मॅट खोटं बोलते. चेंडूच्या तीन इंच मागे क्लब आदळला तरी तो घसरत पुढे जातो आणि शॉट बरा वाटतो. गवतावर तोच चेंडू वीस यार्डांवर पडला असता. तो हादरा मात्र कोपराला बसतो. त्यामुळे चेंडूच्या मागे 10 सेंटिमीटरवर छोटा नॅपकिन घडी करून ठेवा. नॅपकिनला न लागता चेंडू मारता आला पाहिजे. घराजवळच्या मैदानावर परवानगी असेल, तर क्रिकेटच्या खेळपट्टीवर मारतात तशी फक्कीची एक रेघ ओढा, रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभ्या राहा आणि चेंडूशिवाय गवत घासत स्विंग करा. घासल्याची खूण रेघेवर किंवा तिच्या डावीकडे सुरू व्हायला हवी. फेकणाऱ्याची खूण रेघेच्या उजवीकडे असते. दहा स्विंगनंतर रेघेकडे बघितलं की कुणाला विचारायची गरज उरत नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी असते, तेव्हा हे करू नका. पाऊस स्थिरावल्यावर करा, फक्त चिखलात नको.

पावसाचा विषय निघालाच आहे तर : आपल्याकडे जून ते सप्टेंबर ग्रिप कोरडी राहत नाही, आणि ओली ग्रिप धरायला माणूस नकळत आवळतो. आवळली की मनगट गेलं, लॅग गेला. बॅगेत दोन कोरडे नॅपकिन आणि एक जादा हातमोजा ठेवा, दर शॉटआधी ग्रिप पुसा. दमट हवेतल्या ऑक्टोबरलाही हेच लागू.

यावरून तुमच्या क्लबांकडे येऊ. शाफ्ट बदलून लॅग येत नाही. व्हिडिओत शाफ्ट धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, तो बराचसा फोनच्या कॅमेऱ्याचा परिणाम असतो. फोन चित्र एका दमात न टिपता ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगाने फिरणारी सरळ काठीही वाकडी दिसते. चेंडूला लागताना तर शाफ्ट मागे वाकलेला नसतोच, उलट किंचित पुढे झुकलेला असतो. तेव्हा "शाफ्ट मागे वाकवून ठेवायचा" ही कल्पना सोडा. पण नवऱ्याच्या क्लबांची एक गोष्ट तुम्हाला नक्की नडते आहे, ती म्हणजे ग्रिप. पुरुषांची ग्रिप जाड असते आणि जुनी झाली की रबर कडक, गुळगुळीत होतं. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. मधे फट राहत असेल तर ग्रिप जाड आहे आणि तुम्ही ती तळव्यात धरता आहात. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ग्रिप धुऊन बघा. तरी निसरडी असेल तर फक्त सेव्हन आयर्न आणि वेज या दोन क्लबांना बारीक ग्रिप बसवून घ्या. खर्च थोडा, फरक मोठा. स्टीलचा शाफ्ट 100 ते 130 ग्रॅमचा असतो आणि महिलांसाठीचा ग्रॅफाइट त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्टीलने लॅग जात नाही, पण तीस चेंडूंनंतर हात थकले की पकड आवळते. कुणा मैत्रिणीचा ग्रॅफाइटचा सेव्हन आयर्न मिळाला तर वीस चेंडू मारून बघा, मात्र नवा सेट घ्यायचा निर्णय सहा आठवड्यांनंतर घ्या. आज घेतलात तर तो आजच्या चुकीच्या स्विंगला जुळवून घ्याल.

लवचिक दांड्याचा ट्रेनर वाईट नाही. लय सुधारायला तो मदत करतो, वरून घाई केली की डुगडुगून सांगतो. पण क्लबफेस उघडा आहे की बंद, हे तो सांगत नाही, आणि तुमचं मूळ दुखणं तिथे असण्याची शक्यता जास्त. टॉवेल जे फुकटात देतो, त्याहून फार काही त्यातून मिळणार नाही. घेऊ नका.

रोजचा वेळ किती द्यायचा? पहिला आठवडा चौकट आणि टॉवेल, रोज दहा मिनिटं. दुसरा आणि तिसरा आठवडा त्यात सतरंजीवरचा चेंडू आणि रविवारी कमरेपर्यंतचे शॉट. चौथ्यापासून थांबत खाली येणं आणि पाऊल टाकून मारणं. रेंजवर 50 चेंडूंची बादली घेतलीत तर सलग एकच प्रकार मारत बसू नका; दोन सरावाचे, मग एक साधा, डोक्यात काहीही न ठेवता. त्या साध्या चेंडूत मनगटाचा विचार आला की तो मारू नका, मागे होऊन पुन्हा उभ्या राहा. 50 संपवलेच पाहिजेत असंही नाही. पकड आवळायला लागली की उरलेले चेंडू परत द्या.

दर पंधरा दिवसांनी एकदाच व्हिडिओ घ्या, रोज नको. फोन समोरून, हातांच्या उंचीवर, सेकंदाला 240 चित्रांच्या स्लो मोशनवर. मग तुमच्या डाउनस्विंगची साधारण 60 चित्रं मिळतात. त्यातली तीनच थांबवून बघा. डावा हात समांतर असताना वजन डाव्या पायाकडे निघालं आहे का; हात उजव्या मांडीसमोर आले तेव्हा क्लबहेड अजून त्यांच्या मागे आहे का; आणि चेंडूला लागताना हात डाव्या मांडीसमोर आहेत का. व्यावसायिक खेळाडूंच्या कोनाशी तुलना करू नका. मनगट किती वळतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि तुमचा कोन 90 ऐवजी 110 अंश असला तरी क्रम बरोबर असेल तर सेव्हन आयर्न आजच्यापेक्षा लांब जाईल.

हे सहा आठवडे ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) बॅगेतच ठेवा. तो चेंडू टीवरून, वर चढत्या फटक्याने मारायचा असतो. आयर्नसारखे हात पुढे काढून मारायला गेलात तर चेंडू खाली, उजवीकडे जाईल आणि नव्या पकडीवरचा विश्वास उडेल. कोचना रविवारी भेटाल तेव्हा लॅगबद्दल विचारू नका. डावा हात समांतर असताना क्लबफेस कुठे बघतोय, एवढंच त्यांना दोन-तीन स्विंग पाहून सांगायला सांगा. उघडा आहे असं म्हणाले, तर सगळा सराव बाजूला ठेवून आधी पकडीवरच त्यांच्याबरोबर अर्धा तास घालवा.